नाशिकचा हिरा : देवाचा, पेशव्यांचा की लुटीचा?



हिऱ्यांचा विषय निघाला की आपल्या तोंडी पहिलं नाव येतं ते कोहिनूरचं. मागच्या व्याख्यानानंतरही दोघातिघांनी तोच प्रश्न विचारला, ‘सर, कोहिनूर परत येईल का हो?’ या प्रश्नाला आम्ही आज थोडं वळण देणार आहोत. कोहिनूरबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. पण आपल्या महाराष्ट्रातून गेलेला, ज्याच्या नावातच नाशिक आहे असा एक हिरा जगातल्या नामांकित हिऱ्यांच्या यादीत आहे, आणि तो आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? इंग्रजांनी त्याला ‘नासक’ म्हटलं. नासक म्हणजे आपलं नाशिक. त्यांच्या जिभेला जे झेपलं ते त्यांनी लिहिलं.

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, इतिहास नव्हे. तेव्हा इतिहासकारांचं काम त्यांनाच करू द्यावं हे बरं. पण या हिऱ्याच्या गोष्टीत असा एक प्रश्न दडलेला आहे की तो तत्त्वज्ञानाच्या माणसाला सोडवत नाही. तो प्रश्न असा : एखादी वस्तू ‘कोणाची’ हे ठरवण्याआधी ती ‘काय’ आहे हे ठरवावं लागतं का? आणि ते ठरवतं कोण?

आधी गोष्ट सांगू, मग प्रश्नाकडे येऊ.

अठराव्या शतकाच्या पहिल्या पाव भागापर्यंत, म्हणजे ब्राझीलमध्ये खाणी सापडेपर्यंत, जगाला हिरे मिळत ते जवळजवळ सगळे हिंदुस्थानातूनच. गोवळकोंड्याचे हिरे म्हणून ज्यांचं नाव झालं त्यांच्या खाणी प्रत्यक्ष गोवळकोंडा किल्ल्यात नव्हत्या. किल्ल्याजवळ बाजार होता, खाणी दूर, बऱ्याचशा कृष्णेच्या खोऱ्यात. त्यातली कोल्लूरची खाण सतराव्या शतकात ताव्हर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने पाहिली आणि तिथे साठ हजार माणसं राबत होती असं लिहून ठेवलं. बायका आणि मुलंसुद्धा माती वाहत होती. हिऱ्याच्या इतिहासात राजांची नावं येतात, जवाहिऱ्यांची येतात. या साठ हजारांतल्या एकाचंही नाव येत नाही. एवढं लक्षात ठेवून पुढे जाऊ.

नाशिकचा हिरा या गोवळकोंड्याच्याच खाणींतला. त्याचं मूळ वजन नव्वद कॅरटच्या आसपास होतं. कॅरट म्हणजे एक पंचमांश ग्रॅम. आपल्या हिशेबात सांगायचं तर दीड तोळ्याहून थोडा जास्त. या हिऱ्याला पैलू पडले होते ते आपल्याकडच्या कारागिरांच्या हातचे. आता आपल्याकडची रीत काय होती? वराहमिहिराच्या बृहत्संहितेत हिऱ्याच्या परीक्षेवर एक प्रकरण आहे. रत्नशास्त्राची ही परंपरा हिऱ्याचा नैसर्गिक आकार, त्याची टोकं, त्याचा भरीवपणा यांना मान देते. म्हणून आपला कारागीर हिऱ्याला कमीत कमी हात लावायचा. डाग असेल तिथे चार बारीक पैलू पाडून तो झाकायचा, पण वजन राखायचं. युरोपातली नवी रीत नेमकी उलटी झाली. प्रकाश आत जाऊन परत बाहेर उसळला पाहिजे, मग त्यासाठी हिरा निम्मा झिजला तरी चालेल. दोन्हींत कौशल्य आहे, सौंदर्याची कल्पना मात्र वेगळी आहे. एकाला दगड जसा आला तसा मोठा वाटतो, दुसऱ्याला तो चमकला की मोठा वाटतो.

हा हिरा त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाचा होता असं सांगितलं जातं. पाश्चात्त्य पुस्तकांत तर तो १५०० सालापासून तिथल्या मूर्तीचा डोळा होता असं बिनदिक्कत छापलेलं असतं. आता आपल्यापैकी जे त्र्यंबकला जाऊन आलेत त्यांनी क्षणभर आठवून पाहावं. तिथे गाभाऱ्यात काय आहे? शाळुंकेत एक खळगा आहे, आणि त्या खळग्यात अंगठ्याएवढे तीन उंचवटे, ब्रह्मा, विष्णू आणि महेश. पाण्याचा ओलावा सतत. मग डोळा कुठे बसवायचा? देवाचा मुखवटा आहे, मुकुट आहे, अलंकार आहेत, त्यांत हिरा असू शकतो. पण ‘मूर्तीचा डोळा’ ही आपली भाषा नव्हे. शिवाय आज आपण पाहतो ते काळ्या दगडातलं देऊळ नानासाहेब पेशव्यांच्या काळी बांधायला घेतलेलं, अठराव्या शतकातलं आहे.

ही डोळ्याची गोष्ट कुठून येते? एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज वाचकाला हिंदुस्थानातल्या देवाच्या डोळ्यातून चोरलेला शापित हिरा फार आवडायचा. रशियाच्या राजदंडावरच्या ऑर्लोव हिऱ्याबद्दलही श्रीरंगमच्या मूर्तीच्या डोळ्याची तीच गोष्ट सांगतात. विल्की कॉलिन्सची ‘मूनस्टोन’ ही कादंबरी १८६८ सालची; तिच्यातला हिरा सोमनाथच्या चंद्रदेवाच्या कपाळावरचा. गंमत बघा, या गोष्टींमध्ये हिरा शापित असतो, देव कोपलेला असतो, पुजारी सूड घ्यायला टपलेले असतात. सगळे अद्भुत. फक्त एक साधी गोष्ट हळूच बाजूला पडते, की हिरा कोणीतरी नेला. शापाची गोष्ट रंगली की चोरीची गोष्ट ऐकायला कोणी उरत नाही.

आता १८१७-१८ कडे येऊ. तपशील आपल्याला शाळेपासून माहीत आहे. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. दुसरे बाजीराव पुणं सोडून निघाले. १ जानेवारीला कोरेगाव, २० फेब्रुवारीला अष्टी, तिथे बापू गोखले पडले. त्र्यंबकचा किल्ला एप्रिलमध्ये इंग्रजांकडे गेला. ३ जून १८१८ ला बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले आणि सालीना आठ लाखांच्या तनख्यावर ब्रह्मावर्तास गेले.

या धामधुमीत पेशव्यांचे जडजवाहीर इंग्रजांच्या हाती पडलं. नाशिकशी पेशवे घराण्याचा घरोबा जुना. राघोबादादांची आनंदवल्ली तिथलीच, गोपिकाबाईंचे शेवटचे दिवसही नाशिक-गंगापूरकडेच गेले. हा हिरा कर्नल ब्रिग्ज यांच्या हाती लागला आणि त्यांच्याकडून गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यांच्याकडे गेला, अशी हकिकत आहे. हेच ते जॉन ब्रिग्ज, ज्यांनी पुढे फरिश्त्याच्या इतिहासाचं इंग्रजी भाषांतर केलं. म्हणजे माणूस विद्वान. दख्खनचा इतिहास जपणारा आणि दख्खनचा हिरा पोचता करणारा हात एकच. यात आम्हाला कोणाला खलनायक करायचं नाही. पण विद्वत्ता आणि लूट एका घरात सुखाने नांदू शकतात, हे आम्हा विद्वानांनी विसरू नये.

इथे आपला प्रश्न सुरू होतो. हा हिरा देवाचा होता की पेशव्यांचा?

तुम्ही म्हणाल, काय फरक पडतो? गेला तो गेला. फरक पडतो, आणि तो इंग्रजांच्याच शब्दाने पडतो. ११ फेब्रुवारी १८१८ ला, सातारा घेतल्यावर, एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढला. त्यात रयतेला आश्वासन होतं : वतनं, इनामं, वर्षासनं चालू राहतील, आणि धार्मिक व धर्मादाय संस्थांचं रक्षण केलं जाईल. म्हणजे हिरा त्र्यंबकेश्वराचा असेल, तर तो नेणं हा खुद्द कंपनी सरकारच्या शब्दाचा भंग होता. आणि हिरा बाजीरावांचा असेल, तर तो शत्रूराजाचा माल, युद्धाच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे लूट. तोच दगड, तीच जागा, तोच दिवस. एक शब्द बदलला की नेणारा वचनभंग करणारा ठरतो किंवा विजेता ठरतो.

बाजीरावांनी देवाचा हिरा सुरक्षिततेसाठी स्वतःकडे घेतला असं मानलं, तरी प्रश्न सुटत नाही. शेजाऱ्याने कुलपाची किल्ली तुमच्याकडे ठेवायला दिली आणि तुमच्या घरी चोरी झाली, तर शेजाऱ्याचं घर चोराचं होतं का?

हा प्रश्न त्या काळी कोर्टात गेला का? हिऱ्याचा गेला नाही, पण अगदी शेजारचा गेला. नारो गोविंद औटी हे पेशव्यांचे किल्लेदार. पुणं पडल्यानंतर त्यांच्याकडची मोठी रोकड इंग्रज अधिकाऱ्यांनी जप्त केली. रक्कम औटींची खाजगी की पेशव्यांची, असा वाद पडला. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने निकाल औटींच्या बाजूने दिला. हे नीट ऐका : इंग्रज न्यायाधीशांनी, एल्फिन्स्टनच्या विरुद्ध. पण १८३० साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. कारण काय दिलं? रक्कम औटींची नव्हती असं नव्हे. ही जप्ती युद्धातली कृती आहे, आणि तिचा निवाडा करण्याचा अधिकार साध्या दिवाणी न्यायालयाला नाही. म्हणजे ‘कोणाचं’ या प्रश्नाचं उत्तर दिलंच नाही. प्रश्न विचारायची जागाच बंद केली.

लुटीची वाटणीही मोठी शिस्तीची बरं का. दख्खनच्या लुटीचं वाटप करायला विश्वस्त नेमले होते, त्यातले एक ड्यूक ऑफ वेलिंग्टन. हेच ते आर्थर वेलस्ली, १८०३ साली असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजांना हरवणारे. हे नाव पुन्हा एकदा येणार आहे.

हिरा लंडनला पोचला तो रंडेल आणि ब्रिज या राजघराण्याच्या जवाहिऱ्यांकडे. त्यांनी त्याला युरोपी रीतीने नवे पैलू पाडले, तरी वजन शक्य तितकं राखलं. सुमारे ऐंशी कॅरट उरला. १८३७ च्या लिलावात तो ७,२०० पौंडांना गेला आणि वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसकडे आला. त्याच सुमारास अर्काटच्या नबाबाकडून इंग्लंडच्या राणीला गेलेले दोन हिरेही याच घरात आले. नाशिकचा हिरा मार्क्विसच्या समारंभी तलवारीच्या मुठीत बसला. शंभरएक वर्षांत एकही लढाई न पाहिलेली ती तलवार.

पुढे १८४९ मध्ये लाहोरच्या तहाने दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून कोहिनूर घेतला गेला. लंडनच्या प्रदर्शनात लोकांना तो मिणमिणता वाटला. म्हणून १८५२ साली त्यालाही नवे पैलू पाडले. १८६ कॅरटचा १०५ वर आला. या कामाचा मुहूर्त करायला म्हातारे वेलिंग्टन स्वतः हजर होते. दोन हिरे, दोन राज्यं बुडालेली, आणि दोन्हीकडे हा एकच माणूस.

नाशिकच्या हिऱ्याचा खरा तत्त्वज्ञानाचा तास भरला तो मात्र अमेरिकेत. वेस्टमिन्स्टर घराण्याकडून तो पॅरिसच्या मोबुसाँ या जवाहिऱ्यांकडे गेला आणि १९२७ च्या सुमारास न्यू यॉर्कला आला. अमेरिकेचा जकातीचा कायदा असा होता की शंभर वर्षांहून जुनी कलात्मक पुरातन वस्तू असेल तर जकात माफ, आणि पैलू पाडलेलं रत्न असेल तर वीस टक्के जकात. आणणारे म्हणाले, ही पुरातन कलावस्तू आहे. तिथल्या दुसऱ्या व्यापाऱ्यांनी हरकत घेतली, छे, हा माल आहे, उद्या अंगठीत बसेल. प्रकरण अपील न्यायालयापर्यंत गेलं आणि १९३० मध्ये निकाल लागला : हा हिरा कलात्मक पुरातन वस्तू नव्हे.

श्रोतेहो, हिंदुस्थानातून नेताना कोणी कोर्टात विचारलं नाही की हा हिरा म्हणजे काय आहे. अमेरिकेत मात्र विचारलं, कारण वीस टक्क्यांचा प्रश्न होता.

निकालानंतर जणू त्याच निकालाची अंमलबजावणी झाली. १९४० मध्ये हॅरी विन्स्टन या न्यू यॉर्कच्या जवाहिऱ्याने तो विकत घेतला आणि पुन्हा कापला. ऐंशी कॅरटचा ४३.३८ राहिला. दीड तोळ्यावरून पाऊण तोळा. निर्दोष झाला, झळाळला. १९७० साली लिलावात पाच लाख डॉलर्सना मालमोटारींचा धंदा करणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाने घेतला, आणि पुढे तो लेबनॉनच्या मुआवाद घराण्याच्या संग्रहात गेला.

आता आमचा, म्हणजे तत्त्वज्ञानवाल्यांचा प्रश्न. निम्म्याहून अधिक झिजलेला, दोनदा नवे पैलू पडलेला हा हिरा ‘तोच’ हिरा आहे का? ग्रीकांनी हा प्रश्न जहाजाच्या फळ्या बदलून विचारला, नागसेनाने मिलिंद राजाला रथाचे भाग दाखवून विचारला. पण आपल्या नैयायिकांचं उत्तर फार कडक आहे. ते म्हणतात, अवयवांपासून जी वस्तू बनते ती, म्हणजे अवयवी, स्वतंत्र वस्तू असते. एक जरी अवयव काढला तरी जुना अवयवी नष्ट होतो आणि नवा उत्पन्न होतो. धोतर फाटलं की ते लहान झालेलं तेच धोतर नव्हे, तो ‘खंडपट’, नवीन वस्तू. मग आपण ‘हे माझंच धोतर’ असं म्हणतो ते? सारखेपणामुळे म्हणतो, वस्तू एक असल्यामुळे नव्हे.

हे लावलं तर त्र्यंबकेश्वराचा हिरा १८१८ नंतर लंडनच्या सहाणेवर संपला. आज जो आहे तो त्याचा वंशज म्हणा. म्हणजे परत मागायचं तरी काय? तर मंडळी, इथेच सावध राहायला हवं. कारण हा युक्तिवाद ज्याने नेलं त्याच्या फार सोयीचा आहे. चोराने धोतर फाडलं म्हणून ते चोराचं होत नाही. वस्तू बदलली तरी देणं बदलत नाही. नैयायिक वस्तूबद्दल बोलतात, ऋणाबद्दल नव्हे, हा भेद आम्ही वर्गात चाळीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो.

पण देणं कोणाचं, कोणाला, हे सिद्ध करायला पुरावा लागतो. आणि हिऱ्याची खरी हानी इथे झाली. याच्या शेजारी दुसरं उदाहरण ठेवून बघू. तमिळनाडूत पत्तूर गावच्या देवळाजवळ १९७६ साली जमिनीत पुरलेला कांस्याचा नटराज सापडला. तो चोरबाजारातून लंडनला पोचला, एका कॅनेडियन कंपनीने विकत घेतला. खटला चालला. देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे हे आपल्याकडे १९२५ मध्येच प्रिव्ही कौन्सिलने मानलेलं होतं. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९९१ साली देवळाचा हक्क मान्य केला आणि नटराज परत आला. जिंकलो कशामुळे? भावनेमुळे नव्हे. मूर्तीवरची माती, धातूचं मिश्रण, अगदी वाळवीच्या खुणासुद्धा तपासल्या गेल्या आणि त्याच जागेतल्या इतर मूर्तींशी जुळवून पाहिल्या गेल्या. मूर्तीने स्वतः साक्ष दिली.

नाशिकच्या हिऱ्याला ती साक्ष देता येणार नाही. त्याच्या अंगावर आपल्या कारागिराचे जे पैलू होते ते घासून गेले. कोंदणाच्या खुणा गेल्या. कार्बनच्या स्फटिकाला आठवण नसते. पैलूंबरोबर पुरावाही भुकटी होऊन उडाला. विन्स्टनने काही मुद्दाम केलं नाही, त्याने आपला धंदा केला. पण परिणाम तोच.

मग साक्ष उरली कुठे? कागदात. देवस्थानच्या जमाखर्चात, अलंकारांच्या याद्यांत, पेशव्यांच्या जामदारखान्याच्या नोंदींत. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमालच्या रुमाल बांधलेले आहेत, कोट्यवधी कागद, बहुतेक मोडीत. ते वाचू शकणारी माणसं आपल्यात किती? कोहिनूर परत आणा म्हणणारे लाखो आहेत. मोडीची चार अक्षरं लावू शकणारे बोटांवर मोजण्याइतके.

२०१६ साली आपल्याच सरकारच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की कोहिनूर चोरून किंवा बळजबरीने नेलेला नाही, आणि मग गदारोळ झाल्यावर सरकारने सावरून घेतलं. दहा वर्षांच्या मुलाची सही असलेल्या तहाबद्दल असं म्हणता येतं, कारण आपल्या भूमिकेला अभ्यासाचा आधार नसतो, फक्त आवेश असतो. आवेश एका वर्तमानपत्री मथळ्यापुरता टिकतो.

म्हणून ज्याने विचारलं ‘परत येईल का’, त्याला आमचं उत्तर असं : बाबा रे, आधी आपल्याला नीट सांगता आलं पाहिजे की गेलं काय. देवाचा हिरा गेला की राजाचा, दीड तोळ्याचा दगड गेला की एका कारागिराची रीत गेली, का ज्या शब्दावर रयतेने विश्वास ठेवला तो शब्द गेला. हे तीन वेगळे दावे आहेत आणि प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो. पहिल्या दोन्हींचं उत्तर दफ्तरात शोधावं लागेल. तिसऱ्याचा पुरावा छापील आहे, जाहीरनामा कोणालाही वाचता येतो.

तुमच्यातल्या तरुण मंडळींना एवढीच विनंती. मोडी शिकायला फार तर दोन-तीन महिने लागतात. वर्ग ठिकठिकाणी चालतात. आमचं वय झालं, डोळे रुमालातल्या फिक्या शाईला दाद देत नाहीत. पण त्या कागदांत कुठेतरी एखाद्या कारकुनाने हिऱ्याचं वजन, रंग आणि ‘कोणाचा’ हे एका ओळीत लिहून ठेवलं असेल, तर ती ओळ कोणीतरी वाचायला हवी. हिरा मुआवादांच्या तिजोरीत आहे. ओळ, असेल तर, आपल्याकडेच आहे.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.